नको म्हणता येणारे काम

२०२३च्या नोव्हेंबरात हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी सरकारला एक निवेदन दिले. पीक हातचे गेले, बँकेचे पीककर्ज फिटत नाही, तेव्हा आमचे अवयव विकत घ्या आणि कर्ज वळते करून घ्या, अशी त्यातली मागणी होती. किडनी, यकृत, डोळे यांचे दरही सोबत मांडलेले होते. ही निषेधाची भाषा होती हे उघड आहे. कोणी खरोखर अवयव विकत घेईल अशी कोणाची अपेक्षा नसणार. पण निषेधासाठी निवडलेली भाषा बाजाराची होती, आणि म्हणूनच ती एक जुना तात्त्विक प्रश्न उघडा करते. माणसाजवळ विकण्याजोगे काय असते, आणि काय विकायला काढावे लागले की त्याचे माणूसपणच पणाला लागते? १९९४च्या कायद्याने आपण अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली आहे. विकणारा राजी असला तरी ती विक्री आपण मानत नाही, कारण तो राजीपणा गरजेने पिळून काढलेला असतो हे आपल्याला ठाऊक आहे. तशाच गरजेने पिळून काढलेले श्रम विकले जातात तेव्हा मात्र त्याला आपण रोजगार म्हणतो, आणि ते विकत घेणाऱ्याला पुष्कळदा पुण्यवान. या दुसऱ्या शब्दाची तपासणी करण्याची वेळ आली आहे.

गेल्या दोन-तीन दशकांत 'सामाजिक उद्योजक' हा शब्द आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. दलित वस्त्यांतल्या, तांड्यांवरच्या, पारधी पालांवरच्या, अपंग, एकल किंवा परित्यक्ता अशा माणसांना हाताशी धरून उद्योग उभा करणारी ही माणसे एक गोष्ट आवर्जून सांगतात: आम्ही भीक घालत नाही, काम देतो. त्यांच्या या म्हणण्याला धर्मपरंपरांचा भक्कम आधार आहे. गीतेचा सतरावा अध्याय दानाची प्रतवारी लावतो आणि परतफेडीची आशा न धरता दिलेले दान सात्त्विक ठरवतो. बाराव्या शतकातला ज्यू पंडित मायमोनिडीस दानाच्या आठ पायऱ्या मांडतो. त्यातली सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजू माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन त्याच्यावर हात पसरण्याची वेळच येऊ न देणे. आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा दानाने माणूस खचतो आणि कामाने घडतो हाच विचार त्यांच्या मुळाशी होता. इथपर्यंत मतभेदाला जागा नाही. अडचण यापुढे सुरू होते. काम देणे हे जर दानाचेच श्रेष्ठ रूप असेल, तर काम घेणारा हा याचकाचेच श्रेष्ठ रूप ठरतो. मराठीत मालकाला 'पोशिंदा' म्हणायची रीत आहे आणि 'ज्याचे खावे मीठ' ही शिकवणही आहे. मीठ खाल्लेल्या माणसाने मजुरीचा दर विचारायचा नसतो, रजा मागायची नसते, दुसरीकडे बरे काम मिळाले तरी जायचे नसते. दानाच्या भाषेत शिरलेला रोजगार उपकाराचे हे सगळे ओझे सोबत घेऊन येतो. माझे म्हणणे असे की वंचितांसाठी उभारलेल्या उद्योगाचा नैतिक कस देणाऱ्याच्या हेतूत शोधू नये आणि निर्माण झालेल्या नोकऱ्यांच्या आकड्यातही शोधू नये. काम करणाऱ्याला त्या कामाला 'नको' म्हणता येते का, आणि म्हटल्यावर त्याचे काय होते, इथे तो लागतो.

हा कस बाहेरून आणलेला नाही. आपल्या इतिहासानेच तो महागात शिकवला आहे. वंचित समाजाला कायमस्वरूपी, पिढ्यान्‌पिढ्या, गावाच्या मान्यतेने काम मिळणे हेच जर उद्दिष्ट असेल, तर महार वतनाइतकी यशस्वी रोजगार योजना महाराष्ट्रात दुसरी झालेली नाही. वतनदार महाराला जमिनीचा तुकडा होता, बलुते होते, परंपरेने सांगितलेले बावन्न हक्क होते. बेकारीचा प्रश्नच नव्हता. त्या बदल्यात तो आणि त्याचे घर चोवीस तास सरकारचे आणि गावाचे बांधील असत. सांगावा पोहोचवणे, मेलेली जनावरे ओढणे, साहेबाचे ओझे वाहणे, यांतल्या कशालाही नाही म्हणायची सोय नव्हती. कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ही वतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या. मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले आणि ती लढाई पुढे अनेक वर्षे चालली. वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्यांच्या हिताची ही मागणी होती त्यांच्यातल्याही अनेकांना वतन सोडणे जड गेले, कारण हातची भाकर जाणार होती. बाबासाहेब त्यांना सांगत होते की ही भाकरच बेडी आहे. १९३६ सालच्या 'जातिभेद निर्मूलन' या पुस्तिकेत त्यांनी मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. माणूस काय करणार हे त्याच्या जन्माआधी ठरलेले असेल, तर त्याला मिळणाऱ्या कामाला रोजगार म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

भागवत परंपरेने हीच गोष्ट एका कथेत जपून ठेवली आहे, आणि त्या कथेचा एक धागा हिंगोलीतूनच जातो. नामदेवांचे गाव म्हणून वारकरी ज्या नर्सीला मान देतात ती याच जिल्ह्यात आहे. नामदेवांना गुरूचा उपदेश झाला असे सांगतात ते औंढा नागनाथही इथलेच. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार या मांदियाळीत प्रत्येकाचा धंदा त्याच्या नावाला चिकटलेला आहे, आणि हातातले काम न सोडता देव भेटतो ही या परंपरेची मोठी शिकवण आहे. पण याच मांदियाळीत चोखामेळाही आहेत. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांसोबत चोखोबा गाडले गेले, असे परंपरा सांगते, काळ १३३८चा. नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी दिली. भक्ताची थोरवी सांगणारी कथा म्हणून आपण ती ऐकतो. रोजगाराची कथा म्हणून ऐकली तर ती वेगळीच बोलते. चोखोबा जी भिंत बांधत होते ती गावाची सीमा होती, आणि त्या भिंतीच्या आत राहण्याचा हक्क त्यांना नव्हता. स्वतःला बाहेर ठेवणारी भिंत स्वतःच्या हाताने बांधायची आणि तिच्याचखाली मरायचे, असे ते काम होते. कामाला देवाच्या दारी प्रतिष्ठा मिळाली म्हणून गावाच्या वेशीत ती मिळतेच असे नाही. श्रमाला पूजा म्हणणाऱ्यांनी चोखोबांच्या वेठीला पूजा म्हणता येईल का, या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे.

कोणी म्हणेल, वतने गेली, वेठ गेली, आता जुने उगाळून काय उपयोग? तर मग मराठवाड्यातला दसऱ्यानंतरचा काळ पाहावा. बीड, जालना, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून हजारो बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने हंगामाआधी आगाऊ पैशाची 'उचल' दिलेली असते. नवरा-बायकोची जोडी हिशेबात एक 'कोयता' म्हणून धरली जाते. माणसे मोजायचे एकक म्हणून अवजाराचे नाव वापरले जाते, यातच सगळे आले. उचल फिटेपर्यंत कोयत्याला फड सोडता येत नाही, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चर्चा २०१९ साली झाली, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रियेमागचे कारण एकच होते असे म्हणता येणार नाही. पण पाळीच्या दिवसांत पडणारा खाडा परवडत नाही, हे कारण अनेकींनी सांगितले. गोरेगावच्या निवेदनातली अवयवांची यादी वाचून ज्यांना धक्का बसला त्यांनी हा आकडाही त्याच यादीशेजारी ठेवावा. तिथे अवयव निषेधाच्या कागदावर होते, इथे ते कामाच्या वाटेत येतात म्हणून खरोखर गेले. वेठबिगारी संपवणारा १९७६चा कायदा आगाऊ पैशाने बांधलेल्या श्रमाला वेठच म्हणतो. उचलीने नेमके जे विकत घेतले जाते ते श्रम नव्हेत, ते श्रम नाकारण्याचे स्वातंत्र्य असते.

आणि हे सारे घडते ते साखर कारखान्यांच्या पट्ट्यात, म्हणजे महाराष्ट्राने जगाला अभिमानाने दाखवलेल्या सहकाराच्या अंगणात. १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो काळाच्या फार पुढचा प्रयोग होता. खासगी कारखानदाराच्या दारात ताटकळणारा शेतकरी त्याने मालक केला. पण मालकीची रेघ उसाच्या बांधापाशी थांबली. ऊस ज्याच्या शेतात तो सभासद झाला, ऊस ज्याच्या कोयत्याने तुटतो तो झाला नाही. कारखान्याची त्याच्याशी थेट ओळखही नाही. मध्ये मुकादम आहे. म्हणून संस्था सहकारी आहे, ना-नफा आहे की कंपनी आहे, याने पुरेसे काही सिद्ध होत नाही. मालकांच्या यादीत कोणाची नावे आहेत आणि सर्वांत जड काम करणारा त्या यादीच्या आत आहे की बाहेर, हे पाहावे लागते.

नकार देण्याची ताकद येते कोठून? एक तर गिऱ्हाइकाकडून येते. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चाकरीतच सांभाळून घेतले असते तर ते औदार्य ठरले असते. त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले, आणि कोल्हापुरात 'सत्यसुधारक हॉटेल' निघाल्यावर ते स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले. सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यावा लागला. यातली बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भांडवल देणे सोपे होते, पण त्या हॉटेलचा चहा जोवर कोणी पीत नाही तोवर भांडवल चुलीत गेले असते. राजाने गिऱ्हाईक होऊन गंगारामांना बाजार मिळवून दिला. गिऱ्हाईक पैसे देते आणि चहा घेते. त्यात उपकार कोणाचाच कोणावर राहत नाही. आनंदवनातही सुरुवातीला हाच पेच होता. कुष्ठरोग झालेल्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला वरोऱ्याचे लोक बिचकत. काम होते, पीकही होते, पण ते पीक हातात घेणारा समाज नव्हता, आणि त्याविना ते काम उपचारापलीकडे जात नव्हते. ज्या दिवशी भाजी बाजारात विकली जाऊ लागली त्या दिवशी रुग्ण उत्पादक झाला. वंचितांच्या उद्योगापुढची अडचण पुष्कळदा कौशल्याची नसतेच. त्यांच्या हातचे घेण्याची आपली तयारी नसते, आणि ही अस्पृश्यता कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात जात नाही.

ताकद येण्याची दुसरी जागा म्हणजे मालकी. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' उभा राहिला आणि आज त्यात सुमारे ४५ हजार स्त्रिया आहेत. त्यांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवल्या होत्या. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. नफा-तोटा भगिनींमध्ये वाटला जातो, पुरुष पगारी नोकर होऊ शकतो पण सभासद होऊ शकत नाही. देणगी नाकारण्यामागे मानापमानापेक्षा अधिक काही होते. देणगीदार आला की त्याचे ऐकावे लागते, आणि लाटणाऱ्या बाईचा आवाज तेवढा बारीक होतो. हे त्या सात जणींना कोणत्याही पुस्तकाशिवाय कळले होते. या व्यवस्थेतही खोट काढता येते. मजुरी लाटलेल्या किलोवर ठरते, काम घरी होते, म्हणजे घरातली इतर हातांची फुकट मदत हिशेबात येत नाही. कस म्हणजे पास-नापासाची रेघ नसते, सोन्याप्रमाणे त्यात कॅरेट असतात. पण पापडाचे पीठ न्यायला सकाळी केंद्रावर जाणारी बाई आणि फडावर कोयता घेऊन उभी असलेली बाई यांच्यातला फरक दिसायला कसोटीचा दगडही लागत नाही. एकीला उद्या न येण्याची मुभा आहे.

आता सर्वांत अवघड आक्षेप. वंचितांसाठी उभारलेले बहुतेक उद्योग त्यांच्या परंपरागत कामावरच उभे राहतात: चर्मकाराला चपला, बुरडाला टोपल्या, भटक्या जमातींना गोधड्या, कचरा वेचणाऱ्यांना कचरा. हे जातीचेच काम नव्या वेष्टनात बांधून परत करणे नव्हे का? पुण्यातला अनुभव या आक्षेपाला नेमकेपणे भिडतो. १९९३ साली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिच्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. पुणे महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात, घरांकडून शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातले भंगार विकतात. यातल्या बहुसंख्य स्त्रिया दलित आहेत. दुष्काळात मराठवाड्यातून आलेली कुटुंबेही त्यांत आहेत. काम बदललेले नाही, कचराच आहे. मग बदलले काय? उकिरड्यावर कुत्र्यांशी झटापट करून वेचणारी बाई आता ओळखपत्र घेऊन दारात येते, दर ठरवते, महापालिकेशी वाटाघाटीला बसते. तरीही आक्षेप पुरता फिटत नाही, आणि फिटला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याचे उत्तर या पिढीकडे नाही, पुढच्या पिढीकडे आहे. वेचक बाईची मुलगी शिकून दुसरे काही करू शकली तर ही संस्था उंबरठा ठरली. तीच मुलगी त्याच ढकलगाडीला लागली आणि तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, तर नवे वतन ठरली. म्हणजे हा कस एकदाच लावून भागत नाही. दर पिढीला तो नव्याने लावावा लागतो, आणि सामाजिक उद्योगाने स्वतःचे यश मोजताना किती जण आले याबरोबर किती जण सुखाने सोडून गेले हेही मोजावे लागते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. मालकी, नकार, प्रतिष्ठा या भरल्या पोटाच्या गोष्टी. ज्याच्या घरी चूल थंड आहे त्याला आजचे काम द्या, कस नंतर लावा. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच भुकेच्या वेळी आधी भाकरच द्यायला हवी, आणि ती बिनशर्त द्यायला हवी. महाराष्ट्राने १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे काढली आणि पुढे हमीचा कायदा केला, त्याचे मोठेपण यातच आहे: मागेल त्याला काम, आणि ते मागताना कोणाचे पाय धरायचे नाहीत. हक्काच्या कामाचा परिणाम तो करणाऱ्यापुरता राहत नाही. गावात हक्काची मजुरी मिळत असेल तर मुकादमाला उचलीचा दर वाढवावा लागतो, बागायतदाराला रोज वाढवावा लागतो. नकाराला मागे टेकायला भिंत मिळते. त्यामुळे 'हे सरकारचे काम, उद्योजकांनी यात का पडावे' आणि 'सरकार निकामी, आता उद्योजकच तारतील' ही दोन्ही टोके चुकीची आहेत. हमी नसलेल्या मुलखात उद्योजक कितीही सज्जन असो, त्याच्या दारात येणारा माणूस अगतिकच येतो, आणि अगतिक माणसाशी केलेला करार समतेचा होत नाही. हमी असेल तर तोच उद्योजक आपल्या कामाच्या गुणावर माणसे मिळवतो.

तिसरा आक्षेप श्रद्धाळू माणसाचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सेवेत नफा आला की सेवा विटाळते, असे तो म्हणतो; आणि पुण्याचा विचारच काढून टाकला तर कोणी वंचितांसाठी धडपडेल कशाला, असेही विचारतो. पहिल्या भागाला उत्तर असे की निष्काम असणे म्हणजे हिशेब न ठेवणे नव्हे. हिशेब चोख नसलेली सेवा कधी तरी बंद पडते आणि तिच्यावर विसंबलेल्यांना पुन्हा रस्त्यावर आणते. नफा कोणाकडे जातो हा प्रश्न खरा, नफा होतो हा प्रश्न नव्हे. दुसऱ्या भागाला बौद्ध परंपरेत सुंदर उत्तर आहे. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात रोज सहा दिशांना हात जोडणाऱ्या एका तरुणाला बुद्ध सांगतात की या सहा दिशा म्हणजे सहा नाती आहेत. पूर्वेला आईवडील, दक्षिणेला गुरू. आणि पायाखालची दिशा म्हणजे नोकर-मजूर. त्या दिशेलाही हात जोडायचे, ते कसे? शक्तीप्रमाणे काम देऊन, अन्न आणि वेतन देऊन, आजारात शुश्रूषा करून, गोडधोडातला वाटा देऊन आणि वेळच्या वेळी रजा देऊन. मजुराचीही पाच कर्तव्ये तिथे सांगितली आहेत. यात कुठेही दानाचा शब्द नाही. ही दोन्ही बाजूंची देणी आहेत, आणि देणे फेडणाऱ्याला दाता म्हणत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेने रजेला धर्मात जागा दिली हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण रजा हा नकाराचाच लहान भाऊ आहे. इथे पुण्य नाहीसे होत नाही, त्याची जागा बदलते. ते देण्यातून येत नाही, आपल्या माथ्यावरचे ऋण ओळखण्यातून येते. ज्या समाजाने शतकानुशतके वेठीवर वाडे बांधले, त्यातल्या कोणी आज वंचितांसोबत उद्योग काढला तर तो दान करत नाही, थकबाकी भरतो आहे. थकबाकी भरणारा माणूस छाती काढून उभा राहत नाही, आणि ती घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. काम देणारा आणि करणारा यांच्यात यापेक्षा निरोगी नाते सुचत नाही.

या सगळ्याचा गोरेगावशी आणि सेनगावच्या मुलखाशी थेट संबंध आहे. हिंगोली जिल्हा हळदीचा आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोलीच्या बाजार समितीतल्या हळदीच्या यार्डाला संत नामदेवांचे नाव आहे, शेतकरी उत्पादक कंपन्या निघत आहेत. काढलेली हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, दळायची आणि पुड्यात भरायची; यातल्या जितक्या पायऱ्या गावात राहतील तितकी मजुरी आणि तितका नफा गावात राहील. सामाजिक उद्योजकाला हात घालायला याहून चांगली जागा नाही. पण इथेच प्रवरेची रेघ पुन्हा ओढली जाण्याचा धोकाही आहे. उत्पादक कंपनीचा सभासद बहुधा सातबारा पाहून केला जातो. उन्हात वाकून कांड्या आणि गड्डे वेगळे करणारी, वाफाळत्या कुकरपाशी उभी राहणारी, अंगणभर हळद पसरून उलथणारी बाई बहुतेक वेळा भूमिहीन घरातली असते, आणि सातबारा नसल्याने ती त्या यादीच्या बाहेर राहते. तिला मजुरी मिळेल, कदाचित जरा बरी मिळेल, उद्योजकाच्या अहवालात तिच्या पिवळ्या हातांचा फोटोही छापून येईल. तिचे नाव भागधारकांच्या नोंदवहीत आहे का, आणि दसऱ्याला मुकादम उचल घेऊन दारात आला तर त्याला ती परत पाठवू शकते का, एवढेच विचारायचे.

कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला: ज्याला किंमत असते त्याच्या बदल्यात दुसरे काही ठेवता येते, ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. मराठीने हा फरक दोन शब्दांत न करता एकाच शब्दात कोंबून ठेवला आहे. 'मोलमजुरी'तही मोल आहे आणि 'अनमोल'मध्येही तेच आहे. मोलाने काम करणारा माणूस बिनमोलाचा होऊ नये, एवढी काळजी घेणे हे धंद्याचेही काम आहे आणि धर्माचेही. गोरेगावच्या शेतकऱ्यांनी सरकारला जी यादी दिली तीत अवयवांचे दर होते. हळद खणणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या हातांना आपला दर सांगता आला आणि तो न पटल्यास घरी जाता आले, तर अशी यादी लिहायला कोणी बसणार नाही.